वस्तूंची मांडणी, माणसांची आठवण

मुंबई-ठाण्याच्या घरांत येणाऱ्या असंख्य वस्तूंचा आधीचा मुक्काम भिवंडीत असतो. भिवंडी म्हटले की प्रथम यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. निजामपुरा हा या शहराचा जुना भाग; महापालिकेच्या ‘भिवंडी-निजामपूर’ या जोडनावात तो आजही टिकून आहे. मात्र गेल्या काही दशकांत शहराबाहेर पूर्णा, काल्हेर, राहनाळ, मानकोली, दापोडे अशा गावांच्या परिसरात गोदामांचे एक दुसरेच शहर उभे राहिले. मुंबईची जकात हे त्याचे एक मोठे कारण. जकात नाक्याच्या अलीकडे माल उतरवून ठेवायचा आणि मागणी येईल तसतसा शहरात न्यायचा, असा व्यापाऱ्यांचा हिशेब होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. गोदामे मात्र राहिली आणि वाढलीही.

घरातली आवरासावर, संग्रहालय आणि कला या तिन्हींचा एकत्र विचार करायचा, तर या गोदामांपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. वस्तू कोणाची तरी होण्यापूर्वी कशी असते, ते तेथे दिसते.

गोदामातली शिस्त

गोदामातही वस्तू नीट लावलेल्या असतात. किंबहुना घरापेक्षा कितीतरी अधिक काटेकोरपणे. ज्या मालाला रोज उठाव तो दाराजवळ, ज्याला सणासुदीलाच मागणी तो आत आणि वर, ही जुनी रीत. ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या कंपन्यांनी जगभर तिला वेगळे वळण दिले. त्यांच्या अनेक गोदामांत सारखी वस्तू सारख्या वस्तूजवळ ठेवतच नाहीत. फळीवर जागा मोकळी दिसेल तिथे हाती येईल ती वस्तू ठेवायची आणि फळीचा व वस्तूचा बारकोड यंत्राला दाखवायचा. ती कुठे आहे हे पुढे संगणक लक्षात ठेवतो. त्यामुळे शांपूच्या बाटलीशेजारी शब्दकोश आणि त्याला लागून प्रेशर कुकरची शिटी, असा शेजार घडू शकतो. जागा वाया जात नाही, आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंतून भलतीच उचलली जाण्याची शक्यताही घटते.

ही व्यवस्था निर्दोष असली, तरी तिच्याकडे पाहून माणसाला काही उमगत नाही. तिथल्या वस्तूला क्रमांक असतो आणि जागेचा पत्ता असतो, पूर्वेतिहास नसतो. तो सुरू होतो घरात.

नाव घातलेले भांडे

‘मांडणी’ हा मराठीतला मोठा अर्थवाही शब्द आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवरची, भांडी लावण्याची चौकट म्हणजे मांडणी. विचार क्रमाने सांगणे हीही मांडणीच. चित्रात रंग-रेषांची असते तीही मांडणी, आणि ज्या कलाप्रकारात कलावंत वस्तू एका जागेत रचून ठेवतो त्याला आपण ‘मांडणशिल्प’ म्हणतो. भांडी लावणे, विचार करणे आणि कला घडवणे या क्रियांना भाषेने एकच धातू दिला, यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असावा.

मराठी घरांना वस्तू मांडण्याची हौस जुनीच. लग्नातले रुखवत हे तिचे ठळक उदाहरण. संसाराला लागणाऱ्या वस्तू, फराळाचे जिन्नस, हाताने केलेल्या शोभेच्या वस्तू एका मोठ्या मेजावर कलाकुसरीने रचून पाहुण्यांपुढे ठेवायच्या. त्यात ऐपतीचे प्रदर्शन असते आणि कौशल्याचेही. खंडेनवमी-दसऱ्याला हत्यारे, अवजारे, वह्या-पुस्तके ओळीने मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. दिवाळीपूर्वी घर झाडूनपुसून घ्यायचे आणि लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणीच लक्ष्मी म्हणून पुजायची, या प्रथेत तर आवरण्याच्या साधनालाच देवत्व मिळाले आहे.

या साऱ्यांत एक रीत विशेष लक्षात घ्यावी अशी आहे, ती म्हणजे भांड्यांवर नाव घालण्याची. तांब्या, परात, डबा घेतला की त्यावर नाव कोरून घ्यायचे. कोणी दिले, कोणाच्या लग्नात वा मुंजीत दिले, कधीकधी तारीखही. पंगतीसाठी शेजारी दिलेले भांडे परत यावे, हा त्यामागचा व्यवहार. पण त्यामुळे घरात नकळत एक दप्तर तयार होत गेले. कागद फाटतो, शाई पुसट होते. पितळेवर कोरलेले आजोळचे नाव तीन पिढ्यांनंतरही वाचता येते.

हे दप्तर मोडीत निघते ते वजनाने. घराचा पुनर्विकास होतो, वाड्यातून सदनिकेत जावे लागते, किंवा घरातले शेवटचे वडीलधारे माणूस जाते. मग तांब्या-पितळेची भांडी मोडीच्या भावात तराजूत चढतात, लुगडी-साड्या बोहारणीकडच्या स्टीलच्या पातेल्यावर जातात. बोहारणीचा हा व्यवहार वस्तूला पुन्हा उपयोगात आणणारा, म्हणून चांगलाच. पण कोरलेले नाव भट्टीत वितळते तेव्हा धातू उरतो आणि नोंद नष्ट होते.

अज्ञातवासींचा संग्रह

ही नोंद वाचवण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा एकहाती प्रयत्न पुण्यात, शुक्रवार पेठेत पाहायला मिळतो. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत आणि घरचा चष्म्यांचा व्यवसाय सांभाळत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. ‘राजा’ हे त्यांच्या मुलाचे नाव. तो लहान वयात गेला आणि त्याच्या स्मरणार्थ या संग्रहाला ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ असे नाव मिळाले. केळकरांनी पुढे तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९८० मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले.

संग्रहात सुमारे वीस हजार वस्तू आहेत. त्यांपैकी अडीच हजारांच्या आसपास एका वेळी मांडता येतात. राजेरजवाड्यांच्या ऐश्वर्यापेक्षा साध्या संसारातल्या वस्तूंवर केळकरांचा जीव अधिक. दिवे, समया, अडकित्ते, पानाचे डबे, दौती, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, कोरीव दरवाजे आणि पायाची टाच घासण्याच्या वजऱ्या. वजरी ही मोरीतली वस्तू. तिच्यावर कारागिराने पक्षी वा प्राणी बसवला नसता तरी टाच स्वच्छ झालीच असती. तो त्याने बसवला, आणि कोणीतरी रोज तो हातात धरला. अडकित्त्याचेही तेच, सुपारी कातरण्यापुरत्या दोन पात्यांना पोपटाचे वा माणसाचे रूप देण्याची गरज नव्हती.

एक अडकित्ता घरात असला तर तो उपयोगाची वस्तू असतो. असे कितीतरी अडकित्ते एका कपाटात शेजारी शेजारी आले की पाहणाऱ्याचे लक्ष उपयोगावरून उडते आणि घडणीकडे जाते. हाच आकार का, ही मूठ कोणासाठी, असे प्रश्न पडू लागतात. वर्गवारी केल्याशिवाय हे प्रश्न पडत नाहीत. सारख्याला सारख्याजवळ ठेवणे ही केळकरांची पद्धत गोदामाच्या संगणकी पद्धतीच्या बरोबर उलट आहे, आणि तिच्यातूनच त्यांचा संग्रह बोलका झाला. कवीने आयुष्यभर केलेली ही रचना त्याच्या कवितेपेक्षा वेगळी मानण्याचे कारण नाही.

कलादालनातली अडगळ

केळकर जमवत होते त्या काळात आणि त्यानंतर, जगभरच्या कलावंतांनी रोजच्या वस्तूंनाच कलेचे साहित्य बनवले. त्यांतल्या दोन कलाकृती परस्परांच्या दोन टोकांना उभ्या आहेत.

लंडनचा कलावंत मायकेल लँडी याने २००१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका बंद पडलेल्या दुकानात ‘ब्रेक डाउन’ हा प्रयोग केला. आपल्या मालकीच्या प्रत्येक वस्तूची त्याने आधी यादी केली. ती भरली ७,२२७. मोटार, कपडे, पत्रे, जन्मदाखला, स्वतःची व मित्रांची चित्रे, काहीही सुटले नाही. मग दोन आठवडे सरकत्या पट्ट्यांवरून एकेक वस्तू नेऊन, सुटी करून, तिचा भुगा करण्यात आला. शेवटी त्याच्यापाशी उरली ती यादीच.

बीजिंगचा सोंग दोंग याची ‘वेस्ट नॉट’ ही कलाकृती २००५ मधली. त्याच्या आईची पिढी टंचाईत वाढलेली. साबणाचा तुकडा, बाटलीचे झाकण, कापडाची चिंधी, काहीच टाकायचे नाही हा तिचा धर्म. २००२ मध्ये पती वारल्यावर तिचे जमवणे अनावर झाले आणि घरात पाऊल ठेवायला जागा उरेना. मुलाने वस्तू फेकल्या नाहीत. दहा हजारांहून अधिक वस्तू त्याने कलादालनात आणल्या आणि आईलाच त्या लावायला बसवले. जुन्या घराच्या लाकडी सांगाड्याभोवती कपांजवळ कप, जोड्यांजवळ जोडे अशा ओळी लागल्या. येणाऱ्या लोकांना ती त्या वस्तूंच्या हकिकती सांगू लागली. घरात जी अडगळ होती, तिला ऐकणारे मिळाले. २००९ मध्ये तिचे निधन झाले. कलाकृती पुढेही देशोदेशी मांडली गेली.

पुण्यातल्या आणि बीजिंगमधल्या या दोन संग्रहांत एक साम्य आहे. दोहोंशी एकेका जाण्याचे दुःख जोडलेले आहे. दुःख आवरता येत नाही. वस्तू मात्र आवरता येतात.

मुंबईच्या कलावंतांनीही ही वाट चोखाळली. घाटकोपरचे अतुल दोडिया यांनी २००२ मध्ये ‘ब्रोकन ब्रँचेस’ ही नऊ लाकडी कपाटांची कलाकृती केली. पोरबंदरच्या गांधी संग्रहालयातली काचेची कपाटे त्यांच्या मनात होती. गुजरातच्या हिंसाचाराच्या त्या वर्षी त्यांनी कपाटांत छायाचित्रे, हत्यारे-अवजारे आणि वापरलेले कृत्रिम हातपाय मांडले. एरवी आदराने वस्तू जपणारे कपाट येथे साक्षीदार झाले. हेमा उपाध्याय (१९७२-२०१५) यांनी २००९ मधल्या आपल्या कलाकृतीला ‘आठ फूट गुणिले बारा फूट’ असे नाव दिले. धारावीतल्या एका घराच्या मापाची ती खोली. तिच्या आतल्या भिंती पत्रा आणि भंगार वापरून केलेल्या इवल्या घरांनी भरून गेलेल्या. इतक्या जागेत संसार मावतो, तेव्हा मांडणी ही हौस राहत नाही, जगण्याची अट होते, हे त्या खोलीत उभे राहिल्यावर शब्दांवाचून कळत असे.

टाकावे की राखावे

अलीकडे आवरासावरीचेही शास्त्र झाले आहे. जपानच्या मारी कोंडो यांचे या विषयावरचे पुस्तक २०१० मध्ये आले, २०१४ मध्ये इंग्रजीत आले आणि २०१९ मध्ये त्यांची नेटफ्लिक्सवरची मालिका आपल्याकडेही पाहिली गेली. वस्तू हातात घ्या, तिच्याने आनंद होत नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्या, हे त्यांचे सूत्र. दुसरीकडे भालचंद्र नेमाडे यांनी २०१० मधल्या ‘हिंदू’ या कादंबरीच्या उपशीर्षकात अडगळीला ‘समृद्ध’ हे विशेषण लावले. तिचा नायक पुरातत्त्वाचा अभ्यासक असावा, हे ओघानेच आले. उत्खननात सापडते ते बहुतेक वेळा कोणीतरी टाकलेलेच असते.

शहरातल्या वाचकाला मात्र या दोहोंच्या मध्ये निर्णय घ्यायचा असतो. दोन खोल्यांच्या घरात आजीचा बंब ठेवता येत नाही आणि टाकवतही नाही. संग्रहालयांची कार्यपद्धती येथे उपयोगी पडण्याजोगी आहे. संग्रहालयात वस्तू आली की तिला क्रमांक मिळतो. तिचे माप, धातू, कोठून व कोणाकडून आली, कशासाठी वापरत, हे नोंदवहीत उतरते. यातली शेवटची माहिती सर्वांत मोलाची, कारण ती वस्तूकडे पाहून मिळत नाही. ज्याने ती वापरली त्यालाच ती ठाऊक असते. हीच नोंदवही घरातही करता येते. एक छायाचित्र, त्याखाली चार ओळी : भांड्याचे घरातले नाव काय, कोरलेले नाव कोणाचे, त्यात काय शिजत असे, आणि शेवटचे कधी वापरले. एवढे झाल्यावर भांडे मोडीत गेले तरी सगळेच जात नाही. लँडीच्या हाती शेवटी यादीच उरली होती. पण ती नाश करण्यापूर्वी केलेली होती, म्हणून आज त्या ७,२२७ वस्तूंविषयी बोलता येते.

मात्र ही नोंद करायला घरात सांगणारे माणूस असावे लागते. भिवंडीच्या गोदामांतून नव्या वस्तू रोज घरी येत राहतील. त्यांच्यासाठी फळी रिकामी करावीच लागेल. माळ्यावरचे ट्रंक, डबे खाली काढण्याचा मुहूर्त म्हणून दिवाळीची साफसफाई चांगली. त्या वेळी मोडवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या सर्वांत वडील माणसाला जवळ बसवावे आणि हे कोणाचे, एवढेच विचारावे.