एक किलोमीटरच्या आतली शाळा

देशाचं शिक्षण कोण ठरवतं असं विचारलं, की आपण पटकन 'दिल्ली' म्हणतो. आज हाच प्रश्न आपण घाटकोपर स्टेशनच्या पुलावर उभं राहून विचारू या.

सुरुवात गोखल्यांपासून करावी लागते. 1911 साली नामदार गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्यात सक्ती करायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार स्थानिक संस्थांकडे होता. 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. पाच वर्षांनी शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचं, मोफत शिक्षण आणलं. तिथे हुकूम आणि खजिना एकाच हातात होता. ब्रिटिश मुलखात तसं नव्हतं. 1918 चा विठ्ठलभाई पटेलांचा कायदाही नगरपालिकांना फक्त मुभा देणारा होता. मुंबई शहरासाठी 1920 साली वेगळा कायदा झाला.

मग राज्यघटना आली. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न सरकार करील, असं कलम 45 मध्ये लिहिलं गेलं. घटना जानेवारी 1950 ची. त्याच एप्रिलात अंधेरी, घाटकोपर मुंबई महापालिकेत आले; बोरिवली, मुलुंड 1957 साली. म्हणजे दिल्लीचं घड्याळ चालू असतानाच इथली हद्द वाढत होती, आणि वस्तीही. महापालिकेला शाळा काढायच्या होत्या, त्याही आठ भाषांच्या माध्यमांतून.

दहा वर्षांची साठ वर्षं झाली. 1976 च्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेलं, 2002 च्या दुरुस्तीने ते मूलभूत हक्क झालं आणि शिक्षण हक्क कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. कायद्याने 'जवळची शाळा' म्हटलं. जवळ म्हणजे किती, हे राज्याच्या नियमांनी ठरवलं: पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर.

आता पुलावरून खाली बघा. पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्ये रेल्वे आहे. नकाशावर हाकेच्या अंतरावरची शाळा सहा वर्षांच्या पोराला जिने चढून, गर्दीतून गाठावी लागते.

हे अंतर नुसतं तपशिलाचं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला 25 टक्के राखीव जागांतून सूट मिळाली. दाट वस्तीच्या उपनगरात अशी शाळा बहुतेक ठिकाणी सापडतेच. म्हणजे संसदेने दिलेली जागा एका नियमाने गेली असती. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

तेव्हा नवं धोरण जाहीर झालं की आपण दोन गोष्टी आधी विचारायच्या: पैसा कुणाचा, आणि अंतर कोण मोजणार? गोखल्यांचं विधेयक पडलं, पण हे प्रश्न अजून उभेच आहेत.