औषध तेच, वाट वेगळी

पोटॅशियम क्लोरेट तापवले की ऑक्सिजन मिळतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइड टाकूनही मिळतो. वर्गात आपण हे नेहमीच शिकवतो. समजा, कोणी ऑक्सिजन या पदार्थावरच पेटंट घेतले, तर दुसरी कृती शोधणाऱ्यालाही तो विकता येणार नाही. पेटंट केवळ कृतीवर असेल, तर दुसरी वाट मोकळी राहते. डॉ. युसुफ हमीद यांचे कार्य समजून घ्यायला हा फरक लक्षात ठेवायला हवा.

त्यांचे वडील ख्वाजा अब्दुल हमीद हे बर्लिनला डॉक्टरेट मिळवलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी १९३५ साली मुंबईत सिप्ला ही कंपनी स्थापन केली. युसुफ यांचा जन्म १९३६ चा. केंब्रिजला नोबेल पारितोषिक विजेते अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली पीएच.डी. करून ते १९६० साली सिप्लात आले. तेव्हा देशात १९११ चा ब्रिटिश अमदानीतील पेटंट कायदा होता आणि औषधे महाग होती. तो बदलावा म्हणून झटणाऱ्यांत युसुफही होते. १९७० चा नवा कायदा १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त कृतीवर, असे त्यात ठरले.

याचे मोल एड्सच्या साथीत कळले. १९९० च्या दशकात आपल्या सांगली जिल्ह्यानेही या साथीची मोठी झळ सोसली. एचआयव्हीला रोखायला तीन औषधे एकत्र द्यावी लागतात, हे १९९६ च्या सुमारास स्पष्ट झाले. पण पाश्चात्त्य देशांत त्यांचा वर्षाचा खर्च माणशी १०,००० डॉलरहून अधिक होता. सिप्लाने स्टॅव्ह्युडीन, लॅमिव्ह्युडीन आणि नेव्हिरॅपीन एकाच गोळीत आणली. परदेशात या तिघांची पेटंटे वेगवेगळ्या कंपन्यांकडे असल्याने अशी गोळी तिथे निघणे अवघड होते. फेब्रुवारी २००१ मध्ये हमीद यांनी ती 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी! भारत सरकारचा मोफत उपचारांचा कार्यक्रम १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाला. पुढे स्टॅव्ह्युडीनचे दुष्परिणाम दिसल्यावर त्याच्या जागी अधिक सुरक्षित औषधे आली.

ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे, अशा कर्करुग्णांसाठी पुण्यात वारजे येथे १९९७ साली सिप्लाच्या मदतीने केंद्र उभे राहिले. तिथे शुश्रूषेचे पैसे घेत नाहीत.

हमीद यांना 'नक्कल करणारा' म्हणणारेही पुष्कळ होते. नवा रेणू शोधायला प्रचंड पैसा लागतो, तो भरून कसा निघणार, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. मात्र ज्ञात रेणू नव्या मार्गाने, शुद्ध आणि स्वस्त बनवणे हेही रसायनशास्त्रच आहे. २००५ पासून भारतातही औषधाच्या रेणूवर पेटंट मिळते. म्हणून संशोधकाचा मोबदला आणि रुग्णाचा जीव यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न आज अधिकच निकडीचा आहे. ऑक्सिजनचा प्रयोग संपल्यावर तो विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा.