डीएनएची इजा व दुरुस्ती (गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील)

डीएनएला झालेली इजा हेरून ती दुरुस्त करणारी पेशीतील यंत्रणा. प्रत्येक पेशीत रोज अशा हजारो इजा होतात व बहुतेक लगेच भरून निघतात. डीएनएचे दोन्ही धागे तुटले, की एटीएम हे प्रथिन पी५३ ला जागे करते. पी५३ विभाजन थांबवून दुरुस्तीला अवधी देते. इजा हाताबाहेरची असेल, तर पेशीचा मृत्यू घडवते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हा पहारेकरीच नाहीसा होतो. एचपीव्ही विषाणूचे ई६ प्रथिन पी५३ चा नाश घडवते आणि इजा घेऊनच पेशी विभागत राहतात. लागणीपासून कर्करोगापर्यंत बहुधा दहाहून अधिक वर्षे जातात. तपासणीची संधी हीच. बीडला लागून असलेल्या उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हंगामात कित्येक महिने गाव सोडून राहणाऱ्या बीडच्या ऊसतोड मजूर स्त्रियांसाठी अशी एकदाच करायची चाचणी फार मोलाची आहे.

उपचारही इजेवरच उभा आहे. किरणोत्सर्ग धागे तोडतो. सिस्प्लॅटिन ते एकमेकांत जखडून दुरुस्ती अवघड करते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ‘३ बी’ टप्प्यातील ८५० रुग्णांवर केलेल्या चाचणीत (२०१८) दोन्ही एकत्र दिल्यावर पाच वर्षांनी ५४ टक्के स्त्रिया हयात होत्या, केवळ किरणोपचाराने ४६ टक्के.