धार आणि दांते

खिशांत बाळगावयाचा चाकू घेण्याकरितां आज कोणी दुकानांत गेला, तर दुकानदार त्याच्यापुढें तीन तऱ्हेचीं पातीं मांडतो. एकाची धार सरळ व गुळगुळीत असते. दुसऱ्यास करवतीसारखे दांते असतात. तिसरें पातें टोकाकडे गुळगुळीत आणि मुठीकडे दांतेरी असतें. यांतलें कोणतें घ्यावें हा प्रश्न दिसावयास अगदीं किरकोळ आहे. पण तो आजचा नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत तो निदान तीन हजार वर्षें माणसांपुढें उभा आहे, आणि त्याचें उत्तर देतांना पात्यापेक्षां पात्याला धार लावणाऱ्याचाच विचार अधिक झालेला आहे, असें मला वाटतें.

प्रथम थोडें शास्त्र. कापण्याच्या क्रिया दोन. पातें सरळ दाबून वस्तु दुभंगणें ही एक, आणि पातें वस्तूवरून ओढीत नेणें ही दुसरी. सुपारी कातरतांना किंवा लांकूड तासतांना आपण दाबतों. दोरखंड किंवा पिकलेला टोमॅटो कापतांना ओढतों. दाबण्याच्या कामांत दांते आडवे येतात. ओढण्याच्या कामांत मात्र ते वस्तूस पकडून धरतात. दांत्याचें टोंक जेथें टेंकतें तेथें हाताचा सारा जोर एकवटतो, आणि दोन दांत्यांमधली खोलगट धार पाटाला किंवा ताटाला घासली जात नसल्यामुळें पुष्कळ दिवस तीक्ष्ण राहते. गंमत अशी कीं, जिला आपण गुळगुळीत म्हणतों ती धारही सूक्ष्मदर्शकाखालीं दांतेरीच दिसते. खरखरीत दगडावर घासलेल्या पात्याच्या कडेला दगडाच्या कणांचे ओरखडे राहतात, आणि ते बारीक करवतीचें काम करतात. न्हावी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवितो तो हे ओरखडे घालविण्यासाठींच. म्हणजे साध्या धारेंतही निवड आहेच. ती दुकानांत न होतां घरच्या दगडावर होते, एवढाच फरक.

आतां मागें वळूं. डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे डेक्कन कॉलेजांतील सहकारी यांनीं १९५४ ते १९५६ या वर्षांत प्रवरेकांठचें नेवासें खणलें. पुढें १९६८ पासून १९८३ पर्यंत घोडनदीच्या कांठीं इनामगांव येथें उत्खनन झालें. या ठिकाणीं ताम्रपाषाणयुगांतील शेतकऱ्यांची जी वस्ती उजेडांत आली, तिच्या संस्कृतीस जोर्वें या गांवावरून नांव पडलें आहे, आणि तिचा काळ इसवी सनापूर्वीं सुमारें १४०० ते ७०० असा धरतात. या लोकांस तांबें ठाऊक होतें, पण तें दुर्मिळ. म्हणून रोजच्या कामासाठीं ते कॅल्सिडनी नांवाच्या, गारगोटीच्या जातीच्या दगडाचीं लांबट पातीं काढीत. त्यांत साधीं पातीं आहेत, पाठ बोथट केलेलीं आहेत, दांते पाडलेलीं आहेत. एका प्रकारास तर संशोधकांनीं खिशांतल्या चाकूच्या पात्याचेंच नांव दिलें आहे. असलीं लहान पातीं लांकडाच्या किंवा हाडाच्या खांचेंत ओळीनें बसवून विळा करण्याची रीत जुन्या जगांत दूरवर पसरलेली होती. एक पातें मोडलें तर तेवढेंच बदलावें. दगडाच्या पात्याला कोणी सहाणेवर धार लावीत बसत नाहीं. तें टाकून नवें काढतात. ज्या हत्याराला पुनः धार यावयाची नाहीं, त्याला दांते पाडून ठेवणें शहाणपणाचें आहे, हें त्या शेतकऱ्यांस कोणी शिकविलें नसावें.

लोखंड आलें आणि हा हिशेब बदलला. विदर्भांत नाइकुंड येथें लोखंड गाळण्याची फार जुनी भट्टी सांपडली. महुरझरीच्या शिळावर्तुळांतून लोखंडी कुऱ्हाडी व छिन्न्या निघाल्या. लोखंडाचा मोठा गुण हा कीं, बोथट झालेलें पातें तापवून, ठोकून, घासून पुनः कामास आणतां येतें. मात्र त्यासाठीं भट्टी लागते आणि भट्टीपाशीं माणूस लागतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत ज्या बलुतेदारांची हकीकत आहे, त्यांत लोहार आहेच. कुणब्यानें लोखंड व कोळसा आणावा, लोहारानें फाळ, कोयते, विळे शेवटून द्यावे, आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर आपला वांटा घ्यावा, असा सर्वसाधारण परिपाठ होता. पैशाचा व्यवहार नाहीं, पण धार मात्र वर्षभर शाबूत. साध्या धारेचें राज्य एवढीं शतकें चाललें तें या बलुत्याच्या आधारावर.

हा आधार जेथें मुळांतच दूरचा पडतो, अशा एका गांवाकडे आतां चलूं. १९८१ पर्यंत ज्यास कुलाबा म्हणत त्या रायगड जिल्ह्यांत, पोलादपूर तालुक्याच्या डोंगराळ भागांत कुडपण आहे; बुद्रुक आणि खुर्द अशीं त्याचीं दोन गांवें. तालुक्याच्या नांवांतच पोलाद आहे, म्हणून मीं हा मुलूख निवडला असें मात्र कोणी समजूं नये. नांवांवरून इतिहास रचण्याचा छंद आपल्याकडे आधींच पुरेसा आहे. या भागांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. खाचरांत भात, उतारावरच्या वरकस जमिनींत नाचणी आणि वरी. अशा मुलुखांत शेतकऱ्याच्या हातीं दोन पातीं असतात, एक कोयता आणि दुसरा विळा. आणि आपल्या प्रश्नाचीं दोन्ही उत्तरें त्या दोघांत आहेत.

कोयता कमरेमागें आकडींत अडकविलेला असतो. राबासाठीं फांद्या तोडणें, कुंपणाची काटेरी झुडपें छाटणें, बांबू फोडणें, हीं त्याचीं कामें. सारीं घावाचीं. कोयत्यास दांते पाडण्याची कल्पना कोंकणांत कोणाच्या डोक्यांत आली असेल असें मला वाटत नाहीं, कारण घाव घालतांना दांता लांकडांत रुतून बसावयाचा. कोयत्याची धार गुळगुळीतच हवी. ती ओढ्यांतल्या दगडावर सुद्धां लावून घेतां येते.

विळ्याची गोष्ट निराळी. डाव्या मुठींत भाताचे चूड धरावेत आणि विळा आपल्याकडे ओढावा, हें कापणीचें काम. भाताच्या रोपाचा एक विशेष असा कीं, तें जमिनींतून सिलिका, म्हणजे वाळू ज्या द्रव्याची बनते तें द्रव्य, विपुल शोषून घेतें. वाळलेल्या काडाच्या वजनाचा दहावा हिस्साही कधीं कधीं तेंच असतें. अशा काडांतून दिवसभर फिरणारें पातें वाळूंतून फिरल्यासारखें झिजतें. साध्या धारेचा विळा म्हणून बांधावर बसून पुनः पुनः दगडावर घासावा लागतो. तो घासणारा कोण? महाड-पोलादपूरकडचे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत पोटासाठीं गेले. कापणी पुष्कळ अंशीं बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या अंगावर पडली. लोहाराचें दुकान डोंगर उतरून. बोथट विळा काडावरून निसटतो, जोर अधिक लावावा लागतो, आणि निसटलेलें पातें डाव्या हाताच्या करंगळीवर येतें. शहरांत आपण भात जेवतों, तेव्हां या करंगळीचा हिशेब कोणी मांडत नाहीं.

दांतेरी विळ्यानें या अडचणींतली बरीचशी दूर होते. दांता काडाला धरतो, निसटूं देत नाहीं, आणि चूड हिसकला जात नसल्यानें दाणेही कमी गळतात. असा विळा चांगला करावयाचा म्हणजे पात्याच्या एकाच अंगास तिरकस, बारीक खांचा पाडतात आणि दुसरें अंग सपाट ठेवतात. मग सपाट अंग झिजत गेलें कीं खांचांचीं टोंकें आपोआप उघडीं पडतात. दांते झिजतां झिजतांच नवे होतात. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें, ज्याची स्थापना १९७२ सालीं झाली, कोंकणांत ‘वैभव’ नांवाच्या दांतेरी विळ्याचा पुरस्कार केला. त्यामागें आणखी एक हेतु आहे. खोडकिडीच्या अळ्या भाताच्या बुडख्यांत दडून राहतात. कापणी जमिनीलगत झाली तर त्यांचा आसरा जातो. जमिनीला घासून कापणें साध्या विळ्याला मानवत नाहीं, दांतेरी विळ्याला तें सोपें जातें.

एवढें सांगून झाल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दांते कायमचे गेले, म्हणजे तो विळा बांधावरच्या दगडानें परत येत नाहीं. नवा विकत आणावा लागतो. पूर्वीं कुणबी लोहारावर अवलंबून होता, आतां बाजारावर. लोहाराला धान्य दिलें जाई, बाजाराला रोकड लागते, आणि ती मुंबईहून यावी लागते. दांतेरी विळ्याचा मी पक्षपाती असलों, तरी ही किंमत लहान नाहीं.

राहिलें तिसरें, अर्धें-अर्धें पातें. तें कोणा परदेशी कारखानदाराच्या डोक्यांतून निघालें असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं आपल्या स्वयंपाकघरांत जाऊन विळीकडे पाहावें. पोटाची धार भाजीसाठीं गुळगुळीत, आणि टोंकाला खोबरें खवण्यासाठीं दांतेरी खवणी. नारळाच्या मुलुखांतल्या गृहिणीनें हा मिलाफ केव्हांच साधला आहे, आणि तो साधण्याचें कारण उघड आहे: खवणी धारेच्या जागेंतली एक रेघही घेत नाहीं. दोन कामें, दोन जागा.

खिशांतल्या चाकूंत ही ऐसपैस जागा नसते. आपल्याकडे दफ्तरांतल्या कारकुनांचा कलमतराश होता. बोरूचें टोंक त्यानें तासावयाचें, म्हणून त्याची धार नितळ. घडीच्या चाकूस दांते देण्याची चाल पुष्कळ अलीकडची. अमेरिकेंतील कोलोरॅडोच्या स्पायडरको कारखान्यानें १९८२ सालीं दांतेरी पात्याचा जो चाकू काढला, त्याचें नांवच ‘मरिनर’, म्हणजे दर्यावर्दी. ओला दोर झटकन् तुटावा ही खलाशाची गरज. पुढें दोन्ही गरजा एका पात्यांत भागवाव्या म्हणून मुठीकडचा भाग दांतेरी करण्याची टूम निघाली. तिच्यावर माझा आक्षेप असा कीं, लांकूड तासतांना अंगठ्याचा खरा जोर मुठीलगतच्या धारेवर लागतो, आणि नेमकी तीच जागा दांत्यांनीं बळकावलेली असते. उरलेल्या दीड इंचांत ना धड सफरचंद सोलतां येत, ना दांत्यांच्या आंखूड पट्टींत जाड दोर धड ओढतां येत.

तेव्हां ज्याच्या घरीं दगड आहे आणि त्यावर हात फिरविण्याची ज्याला संवय आहे, त्यानें बेलाशक साधें पातें घ्यावें. ज्यास दोर, चामडें, खोक्यांच्या पट्ट्या कापावयाच्या आहेत आणि चाकू महिनेन् महिने खणांत पडून राहणार आहे, त्यास दांतेरी बरें. पण तें गल्लींतल्या धारवाल्यास देतांना जपावें. त्याचें फिरतें चाक सपाट असतें. तें दांत्यांच्या खोलींत उतरत नाहीं, वरचीं टोंकें तेवढीं घासून टाकतें. अशा पात्यास निमुळती गोल कानस लागते, आणि ती एकेका खांचेंत, एकाच अंगानें, सावकाश फिरवावी लागते.