मणिरंग खिंडीतल्या काचा

हिमालयाची जुनी छायाचित्रे पाहताना आपण शिखरे पाहतो. ती टिपणाऱ्या काचांचे ओझे कोणाच्या पाठीवर होते, हे सहसा विचारीत नाही. नॉटिंगहॅममधील बँकेची नोकरी सोडून सॅम्युअल बोर्न १८६३ साली हिंदुस्थानात आला आणि त्याच वर्षी सिमल्याहून सतलजच्या खोऱ्यात शिरला. पुढे काश्मीर झाले, आणि १८६६ मध्ये कुलू, लाहौल, स्पितीमार्गे सुमारे १८,६०० फुटांवरील मणिरंग खिंड.

त्या काळची ओल्या कोलोडियनची रीत मोठी खाष्ट. काचेवर चिकट द्रव ओतायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायची. काच वाळली की सारे वाया. त्यात थंडीने बोटे बधिर आणि रसायने मंद! प्रत्येक मुक्कामी प्रयोगशाळाच मांडायची. म्हणून पहिल्याच सफरीत ३० च्या आसपास हमाल लागले.

बोर्नने हे सारे ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’त सविस्तर लिहिले. हमाल पळून गेल्याचा संताप त्यात आहे, आणि काठी चालवल्याची कबुलीही. आम्हांला त्या पळण्यात आळस दिसत नाही. हिमवादळात परक्याच्या काचा वाहण्यापेक्षा घर गाठणे शहाणपणाचेच होते. तरी चित्रे सुंदर आहेत, आणि हे म्हणताना आम्हांला जड जाते.

१८७० मध्ये बोर्न मायदेशी परतला. चित्रे मात्र ‘बोर्न अँड शेफर्ड’च्या सूचीतून क्रमांकाने विकली जात राहिली. कोलकात्यातील त्या स्टुडिओने २०१६ साली दार लावले.