‘मना’ आणि स्वागतविधी : माओरी संस्कृतीतील एका संकल्पनेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरी समाजाच्या विचारविश्वात ‘मना’ ही संकल्पना केंद्रस्थानी आहे. मराठीतील ‘मान’ या शब्दाशी तिचे ध्वनिसाम्य असले तरी दोहोंत व्युत्पत्तीचा संबंध नाही. आर. एच. कॉड्रिंग्टन यांच्या १८९१ मधील मेलानेशियाविषयक ग्रंथामुळे हा शब्द मानववंशशास्त्रात रूढ झाला. तेथे त्याचा अर्थ प्रामुख्याने अलौकिक शक्ती असा घेतला गेला. माओरी समाजात मात्र ‘मना’ म्हणजे पूर्वजांकडून लाभणारा आणि स्वतःच्या कृतीने वाढणारा किंवा घटणारा अधिकार होय. तो व्यक्तीला असतो, तसाच कुळाला आणि भूमीलाही असतो. या अधिकाराची परस्परांना ओळख पटविण्याची रीत म्हणजे स्वागतविधी होय.

पोफिरीचे स्वरूप :
‘पोफिरी’ हा विधी जमातीच्या ‘मराए’ या सभास्थानी होतो. सभागृहासमोरील मोकळे अंगण युद्धदेवता तूचे, तर सभागृह शांतिदेवता रोंगोचे मानले जाते. विशेष प्रसंगी यजमानांचा योद्धा पाहुण्यांसमोर एखादी डहाळी ठेवून आव्हान देतो. पाहुण्याने ती उचलली की त्याचा हेतू शांततेचा असल्याचे मानले जाते. त्यानंतर स्त्रियांची ‘करंगा’ ही साद होते. पुढे वंशावळी व दिवंगतांचे स्मरण करणारी भाषणे, गीते आणि पाहुण्यांनी अर्पण केलेली भेट असा क्रम असतो. ‘होंगी’ या अभिवादनात नाकाला नाक लावून श्वास एकत्र केला जातो. अखेरच्या सहभोजनाने पाहुण्यांभोवतीचे पावित्र्यजन्य निर्बंध दूर होतात. जमातीगणिक संकेत बदलतात. परंतु पाहुणचारात उणीव राहिल्यास यजमानांचा ‘मना’ घटतो, ही धारणा सर्वत्र आढळते. आतिथ्यवाचक ‘मनाकितंगा’ या शब्दातही ‘मना’ सामावलेला आहे.

गैरसमजाचे दोन प्रसंग :
या संकेतांचे अज्ञान प्राणघातक ठरल्याचे इतिहास सांगतो. डिसेंबर १६४२ मध्ये आबेल तास्मानची जहाजे दक्षिण बेटाच्या किनाऱ्यावर आली. माओरींनी होड्यांतून येऊन आरोळ्या दिल्या व वाद्य फुंकले. डच खलाशांनी त्याला तुताऱ्यांनी उत्तर दिले. अनेक अभ्यासकांच्या मते, हे उत्तर आव्हानाचा स्वीकार मानले गेले असावे. दुसऱ्या दिवशीच्या हल्ल्यात चार डच खलाशी मारले गेले.

ऑक्टोबर १७६९ मध्ये जेम्स कुक तुरंगानुई नदीच्या मुखाशी उतरला. ८ तारखेला ते मारो हा माओरी पुरुष त्याच्या सहकाऱ्यांच्या गोळीला बळी पडला. दुसऱ्या दिवशी नदीतील एका पवित्र खडकावर होंगी झाली; तरीही काही वेळातच पुन्हा गोळीबार झाला. अभिवादनाची एक कृती घडली, परंतु तिच्या आधीची हेतुपरीक्षा दोन्ही बाजूंनी अपुरीच राहिली होती.

वाइतांगी आणि गाळलेला शब्द :
उत्तरेकडील प्रमुखांनी १८३५ मध्ये स्वातंत्र्याची घोषणा केली, तेव्हा भूमीवरील सत्तेसाठी ‘मना’ हाच शब्द वापरला होता. ६ फेब्रुवारी १८४० च्या वाइतांगी कराराच्या माओरी मसुद्यात मात्र तो आढळत नाही. इंग्रजी मसुद्यात सार्वभौमत्व ब्रिटिश राणीला दिले गेले. माओरी मसुद्यात त्या जागी ‘गव्हर्नर’वरून घडविलेला ‘कावनतंगा’ हा शब्द आला. पाचशेहून अधिक प्रमुखांपैकी बहुतेकांनी माओरी मसुद्यावरच सह्या केल्या. इतिहासकार रूथ रॉस यांनी १९७२ मध्ये या शब्दयोजनेकडे लक्ष वेधले. १८४० मध्ये वाइतांगी येथील प्रमुखांनी सार्वभौमत्व सोडलेले नव्हते, असा निष्कर्ष वाइतांगी न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये नोंदविला.

समारोप :
पोफिरीत पाहुणा प्रवेश करतो तो यजमानाचा भूमीवरील अधिकार मान्य करून. त्याला मिळणारा सन्मान त्या मान्यतेनंतरचा असतो. पाहुण्याने सन्मान स्वीकारावा आणि यजमानाचा अधिकार मात्र नाकारावा, हे या व्यवस्थेत बसत नाही. म्हणूनच या विधीकडे केवळ पर्यटकांसमोरील लोककला म्हणून पाहणे अपुरे ठरते. वसाहतकालीन न्यूझीलंडमधील भूमिविषयक संघर्ष समजून घेण्यासाठी करारांच्या मसुद्यांबरोबरच मराएच्या अंगणातील संकेतांचाही साधन म्हणून विचार होणे आवश्यक आहे.