नेवाड सातबाऱ्यावर नव्हते तेव्हा

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावे आली. त्यांतली नऊ अक्कलकुवा तालुक्यातली, आणि त्यांत बुडण्यात पहिला नंबर मणिबेलीचा. या गावांचे काय व्हायचे ते ज्या नर्मदा पाणीतंटा लवादापुढे ठरले, तो १९६९ मध्ये नेमला गेला आणि त्याचा निवाडा १९७९ मध्ये आला. दहा वर्षे चाललेल्या या तंट्यात पक्षकार होती चार राज्ये. पाणी कुणाला किती, धरण किती उंच, वीज कशी वाटायची यावर खल झाला. महाराष्ट्राच्या पदरात विजेचा २७ टक्के वाटा पडला. याच बुडितातल्या चिमलखेडीच्या किंवा धनखेडीच्या माणसाला तिथे तोंड उघडायला जागाच नव्हती. पुढे बैठका झाल्या, शिष्टमंडळे भेटली, आश्वासनेही मिळाली. पण लोकांना नियोजनात खरोखर घ्यायचे असेल, तर ते जमिनीची आणि माणसांची यादी होते तेव्हाच घ्यावे लागते. यादी एकदा कचेरीत पक्की झाली की पुढची चर्चा तिच्या चौकटीतच फिरते.

यावर कुणी म्हणेल, लवादाने लोकांना वाऱ्यावर कुठे सोडले? पाव हिश्श्याहून जास्त जमीन गेली तर किमान दोन हेक्टर जमीन, सज्ञान मुलगा म्हणजे वेगळे कुटुंब. त्या काळाच्या मानाने ही तरतूद उदारच होती. हे खरे आहे. पण जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायची तर आधीची जमीन कागदावर हवी. सातपुड्याच्या उतारावर भिल्ल कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत आली ते नेवाड, म्हणजे जंगलातले शेत, वनखात्याच्या लेखी अतिक्रमण होते. ज्वारी पिकत होती, बांध घातलेले होते, सातबारा मात्र नव्हता. उदार निवाडा अपुऱ्या यादीवर उभा राहिला, आणि १९८६ मध्ये स्थापन झालेल्या नर्मदा धरणग्रस्त समितीला म्हणूनच अगदी साध्या प्रश्नांपासून सुरुवात करावी लागली: कोण बुडणार, किती बुडणार, जमीन कुठे देणार? बाधितांचा आकडा तपासायला राज्य सरकारने न्यायमूर्ती दाऊद यांची समिती नेमली ती २००१ मध्ये, निवाड्यानंतर तब्बल २२ वर्षांनी. तोवर मणिबेलीचे शूलपाणेश्वराचे देऊळही पाण्याखाली गेले होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ज्यांच्यासाठी हे पाणी अडवायचे, त्या कच्छ-सौराष्ट्राची तहान मणिबेलीच्या ओट्यावरून कशी दिसणार? शिवाय गावाचे मत एक नव्हतेच. मणिबेलीची काही कुटुंबे गुजरातेत परवेट्याला गेली, काहींनी गाव सोडायला नकार दिला. मान्य. खोऱ्याचा हिशेब एका गावाने करावा असे कुणीच म्हणत नाही. पण चूक झाली ती खोऱ्याच्या हिशेबाइतकीच शेताच्या हिशेबात, आणि तिथे गावाइतका जाणकार दुसरा कोण होता? जाणारे आणि राहणारे दोघेही आपापले बांध बिनचूक दाखवू शकले असते.

कायद्याला हे उमगायला वेळ लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी गावातल्या वृद्धांचा लिहून घेतलेला जबाब, शेताचे बांध, दफनभूमी, देवस्थाने यांना पुराव्याचा दर्जा दिला, आणि दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेकडे सोपवली. १९७९ मध्ये जे अतिक्रमण होते, तेच इथे पुरावा झाले. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याच्या, २०१४ च्या राज्य नियमांनी पाड्यालाही स्वतःचे गाव म्हणून मान्यता मागण्याची वाट दिली. डोंगरभर विखुरलेल्या अक्कलकुव्याच्या वस्त्यांना ही तरतूद कोणत्याही निधीपेक्षा मोलाची आहे, कारण मोठ्या ग्रामपंचायतीच्या सभेत दूरच्या पाड्याचा आवाज सहसा पोचतच नाही. मात्र ठराव पाड्याने करायचा आणि त्यावर शिक्कामोर्तब महसूल यंत्रणेने, अशी ती वाट आहे. गाव कशाला म्हणायचे, हे ठरवण्याचा शेवटचा अधिकार अजून कचेरीकडेच आहे.